सीमा ओलांडताना कोणते पैसे सोबत येतात?

(व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी एक शेवटी दिला आहे.)

आज एका घराच्या हिशेबापासून सुरुवात करतो.

२०११च्या मार्च महिन्यात एक जर्मन जोडपं जर्मनी सोडून शेजारच्या ऑस्ट्रियात राहायला गेलं. नवऱ्याला जर्मनीतून दोन रकमा येत होत्या. एक अपंगत्व-पेन्शन, महिना ८६२ युरो ७४ सेंट, तेही कर कापण्याआधी. दुसरा शुश्रूषा भत्ता, २२५ युरो. बायकोला जर्मनीत किमान निर्वाहासाठी सरकारी मदत मिळत असे. घर बदललं आणि काय झालं? नवऱ्याच्या दोन्ही रकमा ऑस्ट्रियातल्या पत्त्यावरही चालू राहिल्या. बायकोची मदत १ एप्रिलपासून बंद.

देश तोच, घर तेच, मग दोन रकमा सोबत आल्या आणि तिसरी मागे का राहिली? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

बघा, आपल्याकडे लोक विचारतात, 'अमुक देशात गेलो तर अपंगत्वाचे पैसे चालू राहतील का?' प्रश्न देशाचा वाटतो, पण तो खरं तर पैशाच्या जातीचा आहे. ही रक्कम तुम्ही विम्याचे हप्ते भरून कमावलेली आहे, की सरकारनं तुमची गरज बघून दिलेली आहे? महाराष्ट्रातलंच बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी राज्यात किमान १५ वर्षांचा रहिवास लागतो. पण भविष्य निर्वाह निधीतली अपंगत्व-पेन्शन तुम्ही बेळगावला राहा की इंदूरला, खात्यात येते. युरोपात हाच फरक देशांच्या सीमेवर लागू होतो.

तिथला कायदा फार जुना आहे. १९५८ साली युरोपीय आर्थिक समुदायानं अगदी सुरुवातीला जे नियम केले, त्यातला तिसरा नियम स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा होता. आज लागू आहे तो नियम २००४चा, क्रमांक ८८३, आणि तो अमलात आला १ मे २०१० पासून. त्याच्या सातव्या कलमाचा आशय असा की, लाभार्थी दुसऱ्या सदस्य देशात राहतो एवढ्या कारणानं रोख लाभ कमी करता, थांबवता किंवा काढून घेता येणार नाही. युरोपीय संघाच्या २७ देशांबरोबर आइसलँड, लिख्टेनश्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडही या व्यवस्थेत आहेत.

पण कलमाच्या सुरुवातीलाच 'अन्यथा तरतूद नसेल तर' असं आहे. ही अन्यथा तरतूद सत्तराव्या कलमात आहे. काही लाभ असे असतात, की त्यासाठी हप्ते भरलेले नसतात, पैसा सरकारी तिजोरीतून येतो, आणि ते त्या देशातल्या राहणीमानाशी बांधलेले असतात. अशा लाभांची देशवार यादी नियमाच्या दहाव्या परिशिष्टात आहे. यादीत नाव असलं की ती रक्कम फक्त त्या देशात राहणाऱ्याला. जर्मनीची वृद्ध आणि काम करू न शकणाऱ्यांसाठीची किमान निर्वाह मदत या यादीत आहे. नेदरलँड्सचा, तरुणपणीच अपंगत्व आलेल्यांसाठीचा लाभही आहे. ज्यानं जन्मात कधी नोकरी केलेली नाही, कारण त्याला ती करताच आली नाही, त्याला हा नियम सर्वात जास्त लागतो. हप्ते भरायची संधीच नव्हती, म्हणून पैसे सोबत नेण्याचीही नाही. मला हे न्याय्य वाटत नाही, पण कायदा असा आहे.

जर्मनीची ही निर्वाह मदत तर स्थलांतराचीही वाट बघत नाही. सलग चार आठवड्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलात, तर चौथ्या आठवड्यानंतर ती थांबते, परत आल्याचं सिद्ध करेपर्यंत.

आता शुश्रूषा भत्ता. हा सोबत येतो, पण सुखासुखी आलेला नाही. फ्रान्समध्ये राहून जर्मनीत नोकरी करणारं एक जोडपं होतं. शुश्रूषा विम्याचे हप्ते त्यांच्याकडून घेतले जात होते, पण फ्रान्समध्ये राहता तोवर लाभ मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. ते कोर्टात गेले. ५ मार्च १९९८ला युरोपीय न्यायालयानं सांगितलं की हा भत्ता आजारपणातल्या रोख लाभासारखा आहे, म्हणून तो दुसऱ्या देशातही द्यावा लागेल. पुढे २००१मध्ये ऑस्ट्रियाच्या आणि २००७मध्ये फिनलंड, स्वीडन, ब्रिटनच्या काही भत्त्यांबद्दलही असेच निकाल आले. या सरकारांनी ते 'न नेता येणाऱ्या' यादीत घालून ठेवले होते, न्यायालयानं ते तिथून काढायला लावले. म्हणजे यादीत नाव आहे म्हणून विषय संपला, असं नसतं.

इथे एक खाच आहे, आणि ती बहुतेकांना सामान बांधून झाल्यावर कळते. सोबत येते ती फक्त *रोख* रक्कम. जर्मनीत शुश्रूषा विम्याचा लाभ दोन प्रकारे घेता येतो: घरच्या माणसानं काळजी घेतली तर रोख भत्ता, किंवा व्यावसायिक सेवा घरी येते आणि तिचं बिल विमा भरतो. २०२५च्या दरानं तिसऱ्या श्रेणीच्या माणसाला रोख भत्ता ५९९ युरो आहे आणि सेवा घेतली तर मर्यादा १,४९७ युरो. स्पेनला गेलात तर ५९९ येतील. १,४९७ची सेवा जर्मनी तिथे पाठवणार नाही. सेवा द्यायची ती स्पेननं, स्पेनच्या नियमांनी, जी तिथल्या विमाधारकाला मिळते तेवढीच. त्यासाठी जर्मन विमासंस्थेकडून एस-१ नावाचा दाखला घेऊन नव्या देशात नोंदवावा लागतो. पेन्शनरांच्या औषधोपचाराचा खर्चही याच दाखल्यावर जर्मनीकडे जातो. जर्मनीत रोज सकाळी परिचारिका येऊन आंघोळ घालत असेल, तर नव्या गावात ती कोण घालणार, हे आधी विचारा. भत्त्याचा प्रश्न त्यानंतर.

पेन्शनबद्दल थोडक्यात. मंजूर झालेली अपंगत्व-पेन्शन सोबत येते. पुन्हा तपासणी लागली तर ती साधारणपणे तुम्ही राहता त्या देशात होते. पैसे देणारी संस्था तुम्हाला परत बोलावू शकते, पण प्रवासानं तब्येतीला धोका नसेल तरच, आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च तिनं द्यायचा. हे लोकांना माहीत नसतं, आणि ते स्वतःच्या खर्चानं धावतात. वर्षाचा हयातीचा दाखला मागितला जातो. काही देशांशी मृत्युनोंदींची देवाणघेवाण आहे, तिथे लागत नाही. मात्र जर्मनीनं तुम्हाला अपंग ठरवलं म्हणून दुसरा देश आपल्या पेन्शनसाठी ते मान्य करेलच असं नाही. प्रत्येकाची व्याख्या वेगळी.

आता त्या जोडप्याकडे परत येऊ. ऑस्ट्रियात कमी पेन्शन असणाऱ्यांना किमान पातळीपर्यंत पूरक रक्कम मिळते. बायकोची मदत गेली होती, म्हणून नवऱ्यानं तिच्यासाठी अर्ज केला. नकार आला. कारण काय? काम न करणाऱ्या युरोपीय नागरिकाला दुसऱ्या देशात तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर पुरेसं उत्पन्न आणि आरोग्य विमा लागतो. तुमची पेन्शन कमी, म्हणून इथलं वास्तव्य कायदेशीर नाही, म्हणून पूरक रक्कम नाही. म्हणजे गरज आहे म्हणून मागायला जावं, तर मागणंच तुमच्या विरुद्ध पुरावा! १९ सप्टेंबर २०१३ला युरोपीय न्यायालयानं म्हटलं, की वास्तव्य कायदेशीर असण्याची अट घालता येईल, पण पूरक रक्कम मागितली म्हणून आपोआप नकार देता येणार नाही. या माणसाचा एकूण व्यवस्थेवर खरंच किती भार पडतो, ते वैयक्तिक परिस्थिती बघून ठरवावं लागेल. सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की उत्पन्नाची ही अट सुटते. त्या पाच वर्षांचं गणित आधी मांडावं लागतं.

*(प्रश्न: माझी मुलगी जर्मनीत नोकरी करते, भारतीय पासपोर्ट आहे. तिला हे लागू होतं का? आणि ते नवीन युरोपीय दिव्यांग कार्ड येतंय, त्याचं काय?)*

लागू होतं. २०१०च्या १२३१ क्रमांकाच्या नियमानं ही व्यवस्था कायदेशीर राहणाऱ्या बिगर-युरोपीय नागरिकांनाही दिली, एका सदस्य देशातून दुसऱ्यात गेल्यावर. डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड मात्र यात धरू नका. आणि या नियमानं फक्त लाभ टिकतात; दुसऱ्या देशात राहायचा परवाना मिळत नाही, तो वेगळा काढायचा. मुलगी कायमची भारतात परतली तर हा कायदा उपयोगाचा नाही, तिथे भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार बघायचा. तो २०१७पासून लागू आहे.

कार्डाचं म्हणाल, तर २०२४मध्ये त्याचा कायदा झाला आणि जून २०२८पासून ते वापरात यायचं आहे. संग्रहालयात सवलत, प्रवासात मदत, अशा गोष्टींसाठी, तेही थोड्या मुक्कामात. पेन्शन किंवा भत्ता त्या कार्डावर मिळणार नाही. तिला सांगा, जाण्याआधी पैसे देणाऱ्या प्रत्येक संस्थेला वेगळं पत्र लिहायचं: ही रक्कम ८८३ नियमाच्या कोणत्या प्रकरणात मोडते, आणि दहाव्या परिशिष्टात आहे का? उत्तर लेखी घ्यायचं. फोनवरचं धरायचं नाही.