रांग नेमकी कुठे अडते?

पेन्शनचा दिवस म्हणजे शाखेची सत्त्वपरीक्षा. १९८०च्या दशकात माझ्या शाखेतली त्या दिवसाची रांग थेट रस्त्यावर जाई. मी खापर फोडले रोखपालावर. चारचौघांत त्याला बोललो, शेजारी दुसरी खिडकीही उघडली. रांग तसूभर हलली नाही. मग उशिरा शहाणपण सुचले आणि घड्याळ लावून स्लिपांवर वेळ टिपत बसलो. रोखपालाकडे स्लिप दोन मिनिटे थांबे; खातेवहीच्या टेबलावर वीस. वही एक, कारकून एक!

‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळाची हकीकत वाचताना ती वही आठवली. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन विद्यार्थ्याने ते १९९९ साली सुरू केले. लोक तिथे रोजनिशी लिहीत आणि स्नेहीसोबती ती वाचत. आरंभी सारा कारभार एकाच संगणकावर. गर्दी वाढली तशी पाने जुळवून देणारे संगणक वाढवले, म्हणजे खिडक्या वाढवल्या. त्या साऱ्या एकाच माहितीसाठ्यापुढे तिष्ठत राहिल्या. मग साठ्याच्या नकला काढल्या : लिहायचे मूळ वहीत, वाचायचे नकलेत. काही काळ निभावले. पण प्रत्येक नवी नोंद प्रत्येक नकलेत उतरवावीच लागते. नोंदी इतक्या वाढल्या की नकलांचा सारा वेळ उतरवण्यातच जाऊ लागला; वाचून दाखवायला सवड उरेना. अशा वेळी आणखी एक नकल म्हणजे आणखी एक दमलेला कारकून.

अखेर त्यांनी सभासदांचेच गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळा साठा दिला. शिवाय २००३ मध्ये फिट्झपॅट्रिकने ‘मेमकॅश्ड’ ही प्रणाली लिहिली. तेच पान हजारदा मागितले जाते, तर दरवेळी वही कशाला उघडायची? उत्तर संगणकांच्या मोकळ्या मेमरीत ठेवावे. आमच्या कारकुनालाही नेहमीच्या पेन्शनरांची शिल्लक तोंडपाठ असे. मात्र वहीतला आकडा बदलला की पाठ केलेला पुसावा लागतो. रोजनिशीचे जुने पान क्षणभर दिसले तर बिघडत नाही. बँकेत पाठांतरावर पैसे देता येत नाहीत.

पुढच्या महिन्यात आम्ही पेन्शनरांची खाती तीन वह्यांत वाटली. जेवणाच्या सुट्टीपूर्वी रांग संपली. रोखपालाची माफी मात्र मी त्याच्या निवृत्तीच्या दिवशी मागितली. तो हसला. “साहेब, वहीचं मी तेव्हाच सांगणार होतो. पण तुम्ही फार चिडला होतात.”