तेरणाकाठचे तगर : रोमच्या सावलीबाहेर

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणा नदीकाठच्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. त्याची ओळख बहुधा ‘रोमशी व्यापार करणाऱ्या गावाचा ठेवा’ अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण तिच्यात तेरकडे बाजारपेठ म्हणूनच पाहिले जाते, आणि संग्रहातल्या वस्तू मात्र सांगतात की तेर आधी कारागिरांचे गाव होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर सांगितले आहे. तिथून गाड्यांतून भडोचला जाणाऱ्या मालात साधे कापड आणि मलमल आहे. जुन्नर, देवगिरी असे तर्क मागे पडून हे तगर म्हणजे तेर, हे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने 1901 मध्ये दाखवून दिले. कापड मातीत टिकत नाही, पण मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंत आणि भाजलेली माती टिकली. गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, लामतुरे यांनी चिकाटीने जमवले ते हेच.

यावर पहिला आक्षेप पुरातत्त्वाच्या शिस्तीचा आहे : वेचलेल्या वस्तूंना थर नसतो आणि थर नसला की काळ ठरत नाही. तो रास्तच आहे. परंतु 1958 मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथे शास्त्रीय उत्खनन केले. थरांत सापडलेल्या वस्तूंशी संग्रहातल्या वस्तू ताडून पाहता येतात, आणि मूळ पांढर हाकेच्या अंतरावर असल्याने ही पडताळणी पुढेही चालू ठेवता येते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. संग्रहातल्या केओलिन मातीच्या शुभ्र स्त्रीमूर्ती दुहेरी साच्यात काढलेल्या आहेत आणि हे तंत्र रोमकडून आले असे अनेक अभ्यासक मानतात. मग ही कारागिरी तेरची कशी? तंत्र उसने असेलही. पण त्या मूर्तींची केशरचना, दागिने, चेहऱ्याची ठेवण इथलीच आहे, आणि परके तंत्र पचवायला आधी हात तयार असावे लागतात. संग्रहातल्याच रोमन धाटणीच्या दिव्यांच्या कौतुकात या स्त्रीमूर्ती मागे पडतात, हे मला अन्यायाचे वाटते.

उलट टोकाची घाईही नको. 1938 मध्ये पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी जवळीक दाखवते, पण ती नेमकी कुठे घडली यावर एकमत नाही. तिच्यावर तेरचा शिक्का मारण्याचा मोह टाळलेला बरा. सातवाहनकालीन कुंभारांपासून थेट तेरचे संत गोरोबाकाका कुंभार यांच्यापर्यंत वंशावळ जोडणे तर निव्वळ हौस झाली, कारण मधल्या हजाराहून अधिक वर्षांचा दुवा कोणी दाखवलेला नाही. त्यापेक्षा संग्रहालयातून निघून गावातल्याच त्रिविक्रम मंदिराकडे जावे. गजपृष्ठाकार घडणीचे हे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे पुरातत्त्वज्ञ कझिन्सने विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखले. काळ्या दगडाच्या मुलखात ते विटांनी बांधले आहे.