पाइनवर स्टेन का डागाळतो?

पाइनच्या फळीवर गडद स्टेन, म्हणजे लाकडाच्या रेषा न झाकता आत मुरणारा रंग, लावल्यावर पुष्कळदा ढगाळ डाग उमटतात, आणि त्याचा दोष रंगाला देणे अन्यायाचे ठरते. वाढीच्या हंगामाच्या आरंभी बनलेल्या फिकट काष्ठातील पेशी रुंद व पातळ भिंतींच्या असल्याने रंग अधिक शोषतात, तर हंगामाच्या अखेरीच्या दाट रेषा त्याला फारसा थारा देत नाहीत. परिणामी फिकट पट्टे काळवंडतात आणि मूळच्या गडद रेषाच उजळ भासतात. आडव्या कापलेल्या टोकांशी पेशींची तोंडे उघडी पडत असल्याने ती सर्वांत काळी होतात. रंगाआधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात दिल्यास शोषण बरेच समान होते.