परदेशी संवर्धक बोलवावेत का? अजिंठ्याचा अनुभव काय सांगतो

परदेशातून संवर्धक किंवा अभिलेखतज्ज्ञ आणायचा म्हटलं की ‘आपल्याकडे माणसं नाहीत का?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तरासाठी अजिंठ्याकडे बघा. लेणी तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीत, सरकारी खर्चाने, इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहायक ओर्सिनी आले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी तिथे काम केलं. माती आणि भाताच्या तुसाचा चित्रांखालचा गिलावा भिंत सोडत होता. सुटलेले पापुद्रे त्यांनी पुन्हा चिकटवले. ते झालं नसतं तर आज बघायला बरंच कमी उरलं असतं.

आक्षेप खरा आहे. त्यांनी लावलेलं लाखेचं वॉर्निश पुढे पिवळट-काळपट पडलं आणि ते उतरवायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. पण त्याआधी, १८७२ पासून नकला करणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या चमूनेही वॉर्निश फासलं होतंच, आणि त्यात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे आपलेच विद्यार्थी होते. म्हणजे दोष पासपोर्टचा नव्हे, सहज न निघणाऱ्या पदार्थाचा. पगार, व्हिसा, राहण्याची सोय यांचा खर्च मोठा असतो, हेही मान्य. पण हाताखाली स्थानिक माणसं तयार झाली आणि प्रत्येक कामाची लेखी नोंद राहिली, तर तोच खर्च पुन्हा करावा लागत नाही. तेव्हा तज्ज्ञ जरूर बोलवा. मात्र या अटी करारात लिहून घेतल्याशिवाय नको.