सशर्त संभाव्यता

सशर्त संभाव्यता ही संभाव्यता सिद्धांतातील एक मूलभूत संकल्पना आहे. एक घटना घडली आहे हे ज्ञात असताना दुसरी घटना घडण्याची जी संभाव्यता असते, तिला पहिल्या घटनेच्या अटीवरील दुसऱ्या घटनेची सशर्त संभाव्यता म्हणतात. हिच्यासाठी सोपाधिक संभाव्यता असाही शब्द वापरला जातो. संख्याशास्त्रातील अनुमान, वैद्यकीय चाचण्यांचा अर्थ, विमा आणि न्यायालयीन पुराव्यांचे मूल्यमापन या सर्वांत ही संकल्पना उपयोगी पडते. 'ब घडले असता अ' आणि 'अ घडले असता ब' या दोन संभाव्यता सर्वसाधारणपणे भिन्न असतात. त्या एकच मानणे ही या विषयातील सर्वांत सामान्य आणि कधीकधी अतिशय घातक ठरणारी चूक आहे.

व्याख्या

अ आणि ब या एकाच नमुना अवकाशातील दोन घटना असून ब ची संभाव्यता शून्याहून अधिक असेल, तर

सं(अ | ब) = सं(अ ∩ ब) ÷ सं(ब)

येथे सं(अ | ब) याचे वाचन 'ब घडले असता अ ची संभाव्यता' असे करतात. अ ∩ ब म्हणजे दोन्ही घटना एकत्र घडणे. ब घडल्याचे कळताच ब मध्ये नसलेल्या सर्व निष्पत्ती बाद होतात व ब हाच नवा, आकुंचित नमुना अवकाश बनतो. सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील, तर ब मधील निष्पत्ती मोजून त्यांपैकी किती अ मध्येही आहेत एवढेच पाहावे लागते.

इतिहास

ब्लेझ पास्काल आणि प्येर द फर्मा यांनी १६५४ मध्ये अर्धवट राहिलेल्या जुगाराच्या डावातील रकमेची वाटणी कशी करावी, यावर पत्रव्यवहार केला. डावाची आतापर्यंतची स्थिती ज्ञात असताना पुढील शक्यता मोजणे हे त्या प्रश्नाचे स्वरूप होते. अब्राहम द म्वाव्र यांच्या 'द डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस' (१७१८) या ग्रंथाने संभाव्यतेच्या गणनपद्धतींना व्यवस्थित रूप दिले. इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांचे १७६१ मध्ये निधन झाले. परिणामावरून कारणाच्या संभाव्यतेकडे जाण्याविषयीचा त्यांचा निबंध रिचर्ड प्राइस यांच्या प्रयत्नाने १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्येर-सिमॉं लाप्लास यांनी १७७४ मध्ये हाच विचार स्वतंत्रपणे मांडला व पुढे विस्तारला. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये संभाव्यता सिद्धांताची गृहीतकांवर आधारित मांडणी केली. सशर्त संभाव्यतेची वरील व्याख्या त्या मांडणीचाच भाग आहे.

अटीच्या शब्दरचनेचे महत्त्व

दोन फासे एकाच वेळी टाकले असता एकूण ३६ समसंभाव्य निष्पत्ती मिळतात. अंकांची बेरीज ८ येणाऱ्या निष्पत्ती (२, ६), (३, ५), (४, ४), (५, ३) आणि (६, २) अशा पाच आहेत. म्हणून कोणतीही अट नसताना ही संभाव्यता ५/३६ आहे.

पहिल्या फाशावर ५ हा अंक आला आहे असे कळल्यास सहाच निष्पत्ती उरतात. त्यांपैकी फक्त (५, ३) ची बेरीज ८ होते. उत्तर १/६ येते.

याउलट 'किमान एका फाशावर ५ आला आहे' एवढेच कळल्यास ११ निष्पत्ती उरतात, कारण पहिल्या फाशावर ५ असलेल्या सहा आणि दुसऱ्या फाशावर ५ असलेल्या सहा निष्पत्तींमध्ये (५, ५) दोनदा मोजली जाते. या ११ पैकी (५, ३) आणि (३, ५) यांची बेरीज ८ आहे. उत्तर २/११ येते. दोन्ही विधाने कानाला जवळजवळ सारखी वाटली, तरी त्यांनी ठरणारे नमुना अवकाश वेगळे आहेत.

गुणाकाराचा नियम

व्याख्येची पुनर्मांडणी केल्यास पुढील नियम मिळतो:

सं(अ ∩ ब) = सं(ब) × सं(अ | ब)

एका पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू असून त्यांतून लागोपाठ दोन चेंडू काढले, पहिला चेंडू परत ठेवला नाही, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता ५/८ × ४/७ = ५/१४ इतकी असते. पहिला लाल चेंडू निघाल्यावर पिशवीत ७ चेंडू आणि त्यांत ४ लाल उरतात, म्हणून दुसरा अपूर्णांक बदलतो. पहिला चेंडू परत ठेवल्यास तो बदलत नाही आणि उत्तर ५/८ × ५/८ = २५/६४ येते.

स्वतंत्र घटना

सं(अ | ब) = सं(अ) असेल, म्हणजे ब घडल्याच्या माहितीने अ ची संभाव्यता बदलत नसेल, तर त्या घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. अशा वेळीच सं(अ ∩ ब) = सं(अ) × सं(ब) हे सोपे सूत्र वापरता येते. ५२ पत्त्यांच्या जोडातून काढलेले पान राजा असण्याची संभाव्यता ४/५२ म्हणजे १/१३ आहे. ते पान बदामचे आहे असे कळले, तरी १३ बदामांत राजा एकच असल्याने संभाव्यता १/१३ च राहते. या दोन घटना स्वतंत्र आहेत.

स्वतंत्र घटना आणि परस्पर अपवर्जक घटना यांत विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. परस्पर अपवर्जक घटना एकत्र घडूच शकत नाहीत. एक घडली की दुसरीची संभाव्यता शून्य होते. त्यामुळे दोहोंची संभाव्यता शून्याहून अधिक असेल, तर परस्पर अपवर्जक घटना कधीही स्वतंत्र नसतात.

बेझचे प्रमेय

सं(ब | अ) ज्ञात असताना सं(अ | ब) काढण्यासाठी बेझचे प्रमेय वापरतात:

सं(अ | ब) = सं(ब | अ) × सं(अ) ÷ सं(ब)

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास याचा अर्थ स्पष्ट होतो. एखाद्या लोकसमूहात १ टक्का लोकांना एक आजार आहे. चाचणी आजारी व्यक्तींपैकी ९० टक्के व्यक्तींना पॉझिटिव्ह दाखवते, परंतु निरोगी व्यक्तींपैकीही ५ टक्के व्यक्तींना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीला तो आजार असण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न आहे. टक्केवारीऐवजी १०,००० व्यक्तींची कल्पना केल्यास गणित सोपे होते.

| | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| आजारी | ९० | १० | १०० |
| निरोगी | ४९५ | ९,४०५ | ९,९०० |
| एकूण | ५८५ | ९,४१५ | १०,००० |

पॉझिटिव्ह आलेल्या ५८५ व्यक्तींपैकी ९० व्यक्ती खरोखर आजारी आहेत. म्हणून उत्तर ९०/५८५ म्हणजे सुमारे १५.४ टक्के येते. अनेकांना ते ९० टक्क्यांच्या आसपास असावे असे वाटते. निरोगी व्यक्तींची संख्या फार मोठी असल्याने त्यांच्यातील ५ टक्के चुकासुद्धा आजारी व्यक्तींच्या संख्येवर मात करतात. विरळ आजाराच्या बाबतीत एका पॉझिटिव्ह निकालानंतर पुन्हा वेगळ्या पद्धतीने खात्री करून घेण्याचे हे गणिती कारण आहे.

उदाहरणे सोडवण्याची पद्धत

अशा उदाहरणांत पुढील क्रम उपयुक्त ठरतो:

१. विचारलेली घटना कोणती आणि दिलेली अट कोणती, हे वेगवेगळे लिहावे. 'असता', 'पैकी', 'असे कळले तर' हे शब्द बहुधा अट दर्शवतात.
२. अट पूर्ण करणाऱ्या निष्पत्ती मोजाव्यात. हीच संख्या छेदस्थानी येते.
३. त्यांपैकी विचारलेल्या घटनेतील निष्पत्ती अंशस्थानी घ्याव्यात.
४. संभाव्यतांचा थेट गुणाकार करण्यापूर्वी घटना स्वतंत्र असल्याचे दिले आहे किंवा सिद्ध होते, याची खात्री करावी.
५. दिलेली संभाव्यता आणि विचारलेली संभाव्यता एकाच दिशेची आहे का, ते तपासावे. दिशा उलट असल्यास तक्ता, वृक्षाकृती किंवा बेझचे प्रमेय वापरावे.

उलट संभाव्यतेचा तर्कदोष

'आरोपी निर्दोष असता असा पुरावा मिळण्याची संभाव्यता' आणि 'असा पुरावा मिळाला असता आरोपी निर्दोष असण्याची संभाव्यता' यांची गल्लत करण्याला अभियोक्त्याचा तर्कदोष म्हणतात. इंग्लंडमधील सॅली क्लार्क खटला हे त्याचे बहुचर्चित उदाहरण आहे. क्लार्क यांची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली. दोघांच्या हत्येसाठी त्यांना नोव्हेंबर १९९९ मध्ये दोषी ठरवून जन्मठेप देण्यात आली. त्यांच्यासारख्या कुटुंबात एका अर्भकाचा पाळण्यात अचानक मृत्यू होण्याची संभाव्यता ८,५४३ मध्ये १ आहे, म्हणून दोन मृत्यूंची संभाव्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत १ आहे, अशी साक्ष एका बालरोगतज्ज्ञाने दिली होती. ८,५४३ चा वर्ग करून हा आकडा काढला होता.

या युक्तिवादात दोन दोष होते. पहिला म्हणजे दोन्ही मृत्यू स्वतंत्र घटना मानण्यात आले. भावंडांमध्ये आनुवंशिक घटक आणि घरातील परिस्थिती समान असल्याने हे गृहीत धरण्यास आधार नव्हता. दुसरा म्हणजे हा आकडा बरोबर असता, तरी तो निर्दोषत्वाची संभाव्यता ठरत नव्हता. एकाच आईने आपल्या दोन अर्भकांची हत्या करणे हीदेखील अत्यंत विरळ घटना आहे. दोन मृत्यू घडलेलेच असताना या दोन विरळ स्पष्टीकरणांची परस्परांशी तुलना करणे आवश्यक होते. सोडत जिंकण्याची संभाव्यता कोट्यवधींत एक असते, तरी केवळ तेवढ्यावरून विजेत्याला लबाड ठरवले जात नाही.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने ऑक्टोबर २००१ मध्ये निवेदन काढून या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. दुसऱ्या अपिलात जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. एका मुलाच्या सूक्ष्मजीव तपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला दिले गेले नव्हते, हे त्याचे मुख्य कारण होते. मात्र अपील न्यायालयाने संख्याशास्त्रीय पुराव्याच्या मांडणीवरही टीका केली. तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेल्या क्लार्क यांचे २००७ मध्ये निधन झाले.