द्विपद वितरण आणि सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी

प्रस्तावना :
सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी, असे मानक आहे. २०२० च्या खरीप हंगामात महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतून बियाणे न उगवल्याच्या तक्रारी आल्या व उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा-सात दिवसांनी अंकुर मोजावेत, असा सल्ला कृषी विभागाकडून दिला जातो. मात्र दहा-वीस दाणे भिजवून अंदाज बांधल्यास काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर द्विपद वितरणाच्या आधारे देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व गृहीतके :
एखाद्या चाचणीची यश व अपयश अशी दोनच फलिते संभवत असतील, चाचण्यांची संख्या निश्चित असेल, त्या परस्परांपासून स्वतंत्र असतील आणि प्रत्येक वेळी यशाची संभाव्यता समान असेल, तर एकूण यशांची संख्या द्विपद वितरणास अनुसरते. या वितरणाचा पाया याकोब बेर्नुली यांच्या १७१३ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतो. दाणा उगवणे हे येथे यश होय. पोत्यातील दाण्यांच्या तुलनेत नमुना अगदी लहान असल्याने दाणे काढल्यामुळे संभाव्यतेत पडणारा फरक नगण्य ठरतो.

सूत्र :
चाचण्यांची संख्या न, यशांची संख्या र, यशाची संभाव्यता प आणि अपयशाची फ (म्हणजे १ − प) मानल्यास,

नेमकी र यशे मिळण्याची संभाव्यता = (न मधून र निवडण्याचे प्रकार) × (प चा र वा घात) × (फ चा (न − र) वा घात).

यातील पहिला घटक आपल्याकडे पूर्वीपासून परिचित आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) सहा रसांतून एकेक, दोन-दोन, तीन-तीन रस घेतल्यास अनुक्रमे ६, १५, २० प्रकार होतात, हे काढण्याची रीत दिलेली आहे.

उदाहरण :
बियाण्याची खरी उगवणक्षमता नेमकी ७० टक्के आहे, असे समजू. दहा दाण्यांपैकी नेमके सात उगवण्याची संभाव्यता पुढीलप्रमाणे येते :

१२० × ०.०८२३५४३ × ०.०२७ = ०.२६६८

म्हणजे मानकाएवढे चांगले बियाणेसुद्धा दहात नेमके सात अंकुर चारांपैकी साधारण एकाच वेळी दाखवते. शून्यापासून सहापर्यंतच्या संभाव्यतांची बेरीज केल्यास सहा किंवा त्याहून कमी दाणे उगवण्याची संभाव्यता ०.३५०४ येते. याउलट शंभर दाण्यांत साठ किंवा त्याहून कमी उगवण्याची संभाव्यता केवळ ०.०२१० आहे. दहात सहा आणि शंभरात साठ हे दोन्ही साठ टक्केच. परंतु पहिल्या निकालावरून बियाणे नाकारणे उतावळेपणाचे ठरेल, तर दुसरा निकाल बियाण्याविषयी सबळ संशय निर्माण करतो.

उलट बाजूची चूक अधिक महागात पडते. बियाण्याची खरी उगवणक्षमता ५० टक्केच असेल, तरी दहात सात किंवा अधिक दाणे उगवण्याची संभाव्यता १७६ ÷ १०२४, म्हणजे ०.१७१९ आहे. अशा निकृष्ट बियाण्याला सहापैकी सुमारे एका वेळी ‘चांगले’ असा दाखला मिळेल आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येईल. शंभर दाण्यांत सत्तर किंवा अधिक उगवण्याची संभाव्यता मात्र एक लाखात चार एवढीच उरते.

निकालाचा अर्थ :
द्विपद वितरणाचा मध्य न × प असून प्रमाण विचलन न × प × फ या गुणाकाराचे वर्गमूळ असते. ७० टक्के उगवणक्षमतेसाठी टक्केवारीतील प्रमाण विचलन दहा दाण्यांना १४.५, शंभर दाण्यांना ४.६ व प्रयोगशाळेत प्रचलित असलेल्या चारशे दाण्यांना २.३ येते. दाणे चौपट केल्यास अनिश्चितता निम्मी होते. म्हणून शंभरात ६८ अंकुर आले, एवढ्यावरून बियाणे मानकाखाली आहे असे सिद्ध होत नाही. ७० टक्क्यांच्या बियाण्यातही ६९ किंवा त्याहून कमी अंकुर येण्याची संभाव्यता ०.४५०९ आहे.

मर्यादा :
सर्व दाणे पोत्याच्या एकाच ओलसर कोपऱ्यातून घेतल्यास, किंवा मळणीत टरफल फुटलेले दाणे वगळून केवळ टपोरे दाणे निवडल्यास, नमुना संपूर्ण पोत्याचे प्रतिनिधित्व करीत नाही. अशा वेळी वरील आकडे लागू पडत नाहीत. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून दाणे घेऊन, ते एकत्र मिसळून, न निवडता शंभर मोजणे आवश्यक आहे.

समारोप :
उगवणीची टक्केवारी सांगताना ती किती दाण्यांवरून काढली, हे सांगणे तितकेच महत्त्वाचे आहे. शंभर दाण्यांसाठी लागणारा खर्च दहा दाण्यांच्या तुलनेत मूठभर बियाण्याचाच वाढतो. त्यातून टळू शकणारे नुकसान मात्र संपूर्ण हंगामाचे असते.