गिटारवाला गेला, बासरी राहिली

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा ‘क्युरियस रुमिनंट’ हा अल्बम ७ मार्च २०२५ला आला आणि बँडचे म्होरके इयन अँडरसन ७७व्या वर्षीही बासरी फुंकतात याचं कौतुक झालं. ते रास्तच आहे. पण भाईंदरच्या जेसल पार्कात बँड काढायच्या बेतात असलेल्या पोरांनी आधी याच बँडचा १९६९चा ‘स्टँड अप’ ऐकावा.

त्याआधीच्या वर्षीचा ‘धिस वॉज’ हा पहिला अल्बम बराचसा ब्लूजचा. गिटारवादक मिक अब्राहम्स यांना तिथेच राहायचं होतं, अँडरसनना पुढे जायचं होतं. १९६८ संपता संपता अब्राहम्स बाहेर पडले, मार्टिन बार आले. दुसऱ्या अल्बमची गाणी अँडरसननीच लिहिली. ‘बुरे’ तेवढी बाखच्या ल्यूटसाठीच्या रचनेवरून. ब्रिटनमध्ये हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

ब्लूज एका रात्रीत सुटला नाही. पहिलंच गाणं, ‘अ न्यू डे येस्टरडे’, अस्सल जड ब्लूज आहे. ‘फॅट मॅन’मध्ये मात्र इलेक्ट्रिक गिटार गायब! मँडोलिन, आणि हातांनी वाजवलेला ताल. दुसऱ्या एका गाण्यात रशियन बॅललायका. वाद्यं बदलली, कारण गाण्याची ठेवणच बदलली होती.

आणि ती बासरी! आपली बांबूची नव्हे, धातूची, कळांची. अँडरसन ती कुणाकडे रीतसर शिकले नाहीत. फुंकता फुंकता ते गुणगुणतात, गुरगुरतात. ही वाट जॅझवादक रोलंड कर्क यांनी दाखवलेली. इलेक्ट्रिक गिटारसमोर गोड बासरी टिकली नसती, ही खरखरीत टिकली.

 

‘स्टँड अप’मध्ये आधी गाण्याची ठेवण बदलली, मग वाद्यं. आपल्याकडे मात्र ब्लूजच्या रिफमागे ढोलकी लावली, मध्येच कोळीगीताची ओळ टाकली, की फोक-रॉक झाला असं समजतात. मला हे अजिबात पटत नाही. उत्तनचा कोळीवाडा भाईंदरपासून बसच्या अंतरावर आहे. तिथल्या हळदीत गाणारी बाई श्वास कुठे घेते, बाकीच्या ओळ कुठे उचलतात, हे कान देऊन ऐकायला हवं आणि चाल तिथून बांधायला हवी. ढोलकी लागलीच, तर नंतर घ्यावी.